एकशे चाळीस पावलं : सांगलीतल्या नदीकाठच्या वस्तीतलं एक प्रकरण

माझ्या गृहभेटींच्या वहीत या आजींची पहिली नोंद अशी आहे : 'वय ६२ (आधारप्रमाणे). विधवा. बीपी. लघवीला जळजळ, थकवा. गोळ्या नियमित नाहीत. समुपदेशन केलं.' हे शेवटचे दोन शब्द वाचताना मला आजही वाईट वाटतं. समुपदेशन म्हणजे काय, तर उंबऱ्याशी बसून मी त्यांना दहा मिनिटं सांगितलं की गोळ्या चुकवू नका, पाणी भरपूर प्या. त्यांनी मान डोलावली आणि मी पुढच्या घरी गेले. त्यानंतरच्या चार महिन्यांत आजी तीनदा तापाने अंथरुणाला खिळल्या, आणि चौथ्या वेळी हात मोडला. या सगळ्याचं कारण त्यांच्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर होतं. त्याच्यावरूनच मी दर वेळी वस्तीत जात होते.

म्हाताऱ्या माणसांबरोबर वस्तीत काम करायला आलेल्या नव्या मुलींसाठी हे सविस्तर लिहिते आहे. आजींचं नाव आणि गल्ली लिहीत नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही गाळले आहेत.

घर

सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावं पावसाळा आला की बातम्यांत येतात. ही वस्ती त्याच पट्ट्यातली, कृष्णेच्या पुराच्या वाटेवरची. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा आजींच्या घराचं फक्त पत्र्याचं टोक दिसत होतं, असं शेजारचे सांगतात.

घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो, म्हणजे काम असेल त्या दिवशी पैसा. सून चार घरची धुणीभांडी करते. आजी खोलीत झोपत नाहीत. खोलीला लागून जुन्या पत्र्याचा आडोसा काढलेला आहे, त्यात एक बाज, एक ट्रंक आणि कोपऱ्यात तीन विटांची चूल. उन्हाळ्यात दुपारी पत्रा इतका तापतो की त्या बाजेवर न बसता समोरच्या घराच्या सावलीत जाऊन बसतात. सावली सरकेल तशा त्याही सरकतात.

आजी मूळच्या जत तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात नवऱ्याबरोबर खडी फोडायच्या कामावर होत्या. ते काम संपल्यावर दोघं सांगलीला आले ते कायमचे. नवरा हातगाडी ओढायचा. आजींनी तीसेक वर्षं हळदीच्या गोदामांत निवडणीचं काम केलं : हळकुंडं एकीकडे, गट्ठे एकीकडे, खडे-माती वेगळी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा शहरात त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण ती हळद हातांनी निवडणाऱ्या या बाईचं नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हतं, कुठल्या मंडळाकडे नव्हतं. हमालांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे आणि त्यातून नोंदणी झालेल्यांना फंड, ग्रॅच्युइटी मिळते. निवडणीची बाई सुपाएवढ्या जागेत बसून काम करायची आणि संध्याकाळी रोकड घेऊन घरी जायची. खोकला वाढला तसं काम सुटलं. तीस वर्षांच्या कामातून आजींच्याजवळ राहिलं ते एवढंच : नखांच्या कडेचा पिवळा रंग, आणि झिजून गुळगुळीत झालेली बोटं. ही बोटं पुढे आडवी येणार होती.

तीन ताप

पहिल्या तापाला नागरी आरोग्य केंद्रात नेलं. लघवीचा संसर्ग निघाला, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि बरं वाटलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चक्कर आणि बडबड सुरू झाली, घरच्यांना वाटलं बाधा झाली. म्हाताऱ्या माणसात साधा संसर्गही असा डोक्यावर चढतो, आणि शरीरात पाणी कमी असेल तर लवकर चढतो. बीपी दर वेळी वाढलेलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेता का? आजी म्हणाल्या, घेते. मीही शेजारी उभी राहून तेच खरं मानलं.

खरी गोष्ट वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे आशा स्वयंसेविकेला, माहीत होती. "ताई, म्हातारी पानीच पीत न्हाई," त्या एकदा सहज म्हणाल्या. मी ते 'पाणी पिण्याची सवय नाही' असं वहीत लिहून टाकलं. सवय नाही! जतच्या उन्हात खडी फोडलेल्या बाईला पाणी पिण्याची सवय नाही, असं मी लिहिलं होतं.

मग डिसेंबरातल्या एका पहाटे आजी सार्वजनिक संडासाच्या पायऱ्यांवर पडल्या. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला, तोही अपघाताने. म्हटलं, "आजी, एवढ्या अंधारात कशाला गेलात?"

"उजाडल्यावर रांग लागतीया. पोरी, कामाला जानाऱ्या बाया... त्यास्नी घाई असती. मला बसाया यळ लागतो, उटाया यळ लागतो. बाहेरनं दार वाजिवत्यात."

"आणि रात्री लागली तर?"

"रातच्याला लागू देत न्हाई. चार वाजल्यानंतर पानी बंद."

"आणि गोळी?"

आजी गप्प झाल्या. मग ट्रंकेतून पुडी काढून दाखवली. दोन महिन्यांच्या गोळ्या तशाच. बीपीच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती, जिला आपल्याकडे पाण्याची गोळी म्हणतात. केंद्रातून त्यांना ती संध्याकाळी, जेवणानंतर घ्यायला सांगितलेली. घेतली की रात्री दोनदा उठावं लागायचं. एक पांढरी आणि एक पिवळसर. कुठल्या गोळीने लघवी होते ते कळेना, म्हणून आजींनी दोन्ही सोडल्या होत्या. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय चुकीचा नव्हता. अंधारात पडण्याची भीती रोजची होती, बीपीची भीती डॉक्टर सांगतील तेव्हाची.

त्या दिवशी मी आजींबरोबर, त्यांच्याच चालीने, संडासापर्यंत गेले. पावलं मोजली : एकशे चाळीस. वाटेत उघडं गटार, त्यावर टाकलेली एक फरशी, ती डुगडुगते. पुढे पाच पायऱ्या, धरायला काही नाही. बायकांच्या बाजूला चार खोल्या, त्यातल्या दोनच्या दारांना कडी नाही, म्हणून एका हाताने दार धरून बसायचं. दिवा आहे, त्याला बल्ब नाही. आत भारतीय पद्धतीचं भांडं. गुडघे वाकत नाहीत त्या बाईने तिथे कसं बसायचं, याचं उत्तर आजींनी मला करून दाखवलं : डावा हात भिंतीला, उजव्या हाताने दार, आणि अर्ध्यावर थांबायचं. आता उजवा हातच प्लास्टरमध्ये होता.

जायला-यायला मिळून आम्हाला वीस मिनिटं लागली. मी एकटी गेले तर चार लागतात.

चूल आणि कार्ड

हात मोडल्यावर पैशाचा प्रश्न उघडा पडला. तोवर मला वाटत होतं की आजी मुलाच्या घरात राहतात, म्हणजे त्यांचं पोट मुलाच्या घरात भरतं. तसं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, सून दुसऱ्यांदा बाळंतीण असताना काही वाद झाला आणि आजींनी आपली चूल वेगळी मांडली. कार्डावर त्यांच्या नावाचं पाच किलो धान्य यायचं, त्यातलं काही सून देऊन जायची. दात नसल्यामुळे आजी भाकरी चहात कुस्करून किंवा गुरगुट्या भात करून खायच्या. भाजी शेजारची कोणी दिली तर. हातात पैसा यायचा तो लोकांच्या गोधड्या शिवून. त्या हातावर आता प्लास्टर होतं.

निराधारांचं अनुदान का घेत नाही, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. उत्तर होतं, "पासष्ट झाल्यावर या म्हनले." कोणी तरी कुठल्या तरी टेबलावरून असं सांगितलं आणि त्या परत आल्या. ज्यांनी सांगितलं त्यांनी श्रावणबाळ योजनेचा नियम सांगितला होता, आणि तो तेवढ्यापुरता बरोबर आहे : श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन पासष्ट वर्षांपुढच्यांना. पण पासष्टच्या आतल्या निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींची रक्कम २०२३ पासून महिना दीड हजार. म्हणजे आजी पासष्टच्या आतल्या असोत वा पुढच्या, कुठल्या ना कुठल्या दारातून त्यांना आत जाता येत होतं. परत पाठवण्यात त्यांची तीन वर्षं गेली.

त्यात वयाचा घोळ वेगळाच. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६२. शाळेत न गेलेल्या कितीतरी माणसांच्या आधारवर अशी १ जानेवारी असते. नोंद करणाऱ्याने चेहरा बघून साल टाकलेलं असतं. मी आजींना विचारलं, लग्न कधी झालं? म्हणाल्या, "कोयनंचा भूकंप झाला तवा लगीन होऊन वरीस झालतं. भांडी वाजाय लागली, सासू मला धरून भाईर पळाली." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आधारवरचं साल खरं मानलं तर लग्नात आजी चार वर्षांच्या होत्या. त्या स्वतः म्हणतात, न्हाणं यायला दोन वर्षं होती. म्हणजे आज त्यांची सत्तरी आलेली किंवा उलटलेली आहे.

चेहरा बघून टाकलेल्या त्या एका सालाची किंमत मी एकदा बसून काढली. श्रावणबाळ नाही. काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी पासष्ट वर्षांपुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना नाही. सत्तरीपुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळणारं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड नाही. दुरुस्ती करायची तर जन्माचा पुरावा हवा. शाळेचा दाखला नाही कारण शाळा नाही, जन्माची नोंद नाही कारण ती करायला कोणी गेलं नाही. आम्ही दोन फेऱ्या मारल्या आणि तो नाद सोडला. विधवा म्हणून अर्ज करायचा असं ठरवलं, कारण त्यासाठी वय सिद्ध करायचं नव्हतं, नवऱ्याचं मरण सिद्ध करायचं होतं.

मृत्यूचा दाखला २०१९ च्या पुरात ट्रंकेसकट भिजून लगदा झालेला. नवी प्रत काढायला मृत्यूची तारीख लागते. आजींना तारीख आठवेना. "थोरल्या नातीचं बारसं झालं त्या वर्सी, गनपती बसायच्या आदल्या आटवड्यात." नातीच्या शाळेच्या दाखल्यावरून वर्ष काढलं, जुन्या पंचांगावरून त्या वर्षीची गणेश चतुर्थी काढली आणि महापालिकेत त्या महिन्याची नोंदवही पाहायला अर्ज दिला. नोंद सापडली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तारीख विसरलेली माणसं सणावारांनी, पुरांनी, भूकंपांनी काळ मोजतात, आणि त्यांना नीट विचारलं तर तारीख निघते.

आता उत्पन्नाचा दाखला. या योजनांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. वर्षाला २१,००० म्हणजे दिवसाला ५७ रुपये, पूर्ण घराचे. सेंट्रिंगवाल्याला दोन दिवस सलग काम मिळालं की महिन्याच्या हिशोबाचा बराचसा भाग संपतो. मर्यादा न वाढवता अनुदानाची रक्कम वाढवली तर ती मिळणार कोणाला, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही आहे. मुलाच्या कार्डावर राहून आजींना दाखला मिळणं शक्य नव्हतं. पण आजींची चूल तीन वर्षं वेगळीच होती. मराठीत घर वेगळं झालं हे चुलीवरूनच ठरतं. चूल वेगळी आणि कागद एक, असं चाललं होतं. म्हणून मी सुचवलं की शिधापत्रिका विभक्त करून घेऊ, जे आहे तेच कागदावर येईल.

मला ते सरळ वाटलं. आजींना नाही. अर्जावर अंगठा देण्याआधी त्यांनी जुनं कार्ड मागून घेतलं, उघडलं आणि विचारलं, "ह्यात माजं नाव कसं लिवलंय?"

मी वाचलं : नातं, आई.

"आनि नव्यात?"

"नव्यात तुम्हीच कुटुंबप्रमुख. स्वतः."

आजी रडल्या. चूल वेगळी मांडताना रडल्या नसतील इतक्या रडल्या. मुलगा दारात उभा होता, तोही खाली बघत राहिला. चूल उद्या परत एक करता आली असती, ती शक्यता तीन वर्षं दोघांनी मनात धरून ठेवली होती. माझ्या अर्जाने ती मोडत होती. अनुदान मिळवायचं तर आधी मुलाची आई असणं कागदावरून पुसायचं, हे मी तोवर असं पाहिलं नव्हतं. शेवटी मुलगाच म्हणाला, "आये, दे अंगटा. कार्डावर न्हाईस म्हनून घरात न्हाईस का?" त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

माझी चूक

कार्ड वेगळं झालं आणि धान्य बंद झालं. मुलाच्या कार्डावरून आजींचं नाव कमी झालं, म्हणजे तिथलं पाच किलो गेलं. नव्या कार्डाला धान्य मिळण्यासाठी ते प्राधान्य यादीत यावं लागतं, आणि त्या यादीला इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली संख्या, असतो. तो भरलेला असला की जागा होईपर्यंत थांबायचं. हे मला माहीत होतं, म्हणजे नियम म्हणून माहीत होतं. या घरावर त्याचा काय परिणाम होईल याचा हिशोब मी आधी केला नाही. २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. सुनेच्या दृष्टीने घरातून महिन्याचं पाच किलो धान्य मी उचलून नेलं होतं, आणि अनुदान अजून कागदातच होतं. तिने मला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त एक दिवस म्हणाली, "ताई, तुमी चांगल्यासाठी करताय, पर तवर खायाचं काय?" उत्तर नव्हतं. तीन महिने आम्ही ओळखीतून तांदूळ-गहू जमवून दिले. कार्ड विभक्त करण्याआधी इष्टांकात जागा आहे का ते पुरवठा शाखेत विचारायचं, हे आता मी पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं आहे.

धान्य सुरू झालं तेव्हा बोटांचं आलं. आधी मुलगा यंत्रावर अंगठा द्यायचा आणि सगळ्या कार्डाचं धान्य मिळायचं. आता कार्डावर आजी एकट्या. दुकानात त्यांना स्वतः जावं लागलं, आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. हळदीने बोटांवरच्या रेघा नेल्या होत्या. दुकानदार भला माणूस, त्याने एकेक बोट ओलं करून, पुसून, दाबून पाहिलं. दहा बोटांपैकी डाव्या हाताची करंगळी लागली. निवडणीत करंगळीचं काही काम नसतं. तेव्हापासून आजी दुकानात गेल्या की करंगळीच पुढे करतात.

मधल्या काळात एका ओळखीच्या वकिलांनी सुचवलं की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे मुलाविरुद्ध निर्वाहाचा अर्ज करा, महिना दहा हजारांपर्यंत मिळू शकतो. आजींनी ऐकूनही घेतलं नाही. माझंही मत त्यांच्यासारखंच होतं. ज्या घरात मुलगा आईला द्यायला नाही म्हणून देत नाही, तिथे हा कायदा काही मिळवून देत नाही. नोकरी-जमीनवाल्या मुलांसाठी तो जरूर वापरावा.

खुर्ची, पाइप, बल्ब

संडासाचं काम कागदांच्या कामाबरोबरच चालू होतं, आणि खरं तर तेच आधी व्हायला हवं होतं.

पहिली गोष्ट फुकट झाली. केंद्रातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर त्यांनी लघवीची गोळी सकाळवर आणली, आजींना दोन गोळ्या वेगळ्या ओळखायला शिकवल्या, आणि पाणी दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळपर्यंत संपवायचं असं ठरवून दिलं. पाच मिनिटांचं काम. बीपी त्याच महिन्यात खाली यायला लागलं.

घरात शौचालय बांधण्याचा विचार केला. स्वच्छ भारतमधून शहरात घरगुती शौचालयासाठी केंद्राचे चार आणि राज्याचे आठ असे बारा हजार मिळत होते, आणि पुण्याच्या शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्थेने सांगली-मिरजेच्या वस्त्यांत घरोघरी शौचालयाचं काम केलेलं आहे. पण या गल्लीत मैला वाहून नेणारी लाइन नाही, टाकी खणायला जागा नाही, आणि दर पुरात खालून पाणी वर येतं. तो विषय तिथेच थांबला.

मग कमोड खुर्ची. वयोश्रीतून नाही, तर एका घरी वापरात नसलेली मिळाली. ती आडोशात ठेवायला बाज सहा इंच सरकवावी लागली. मला वाटलं प्रश्न सुटला. आजींनी आठ दिवस ती वापरली नाही, तिच्यावर गोधडी घडी करून ठेवली. कारण खुर्चीखालचं भांडं उचलणार कोण? एका हाताने त्यांना जमणार नव्हतं. सुनेला सांगायची त्यांची तयारी नव्हती, तिच्याशी चूल वेगळी होती. नातीला सांगू देणार नव्हत्या. "पोरीच्या जातीला शिकायच्या वयात हे काम लावायचं न्हाई."

सुनेशी मी बोलले. ती सकाळी सहाला बाहेर पडते, चार घरची भांडी घासून दोनला येते, आल्यावर पाणी भरायचं, स्वयंपाक, मुलं. तिला आणखी एक काम सांगण्याचा अधिकार मला नव्हता आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रातचं एक भांडं मी सकाळी टाकीन. पर आत्तीनी मला सोताच्या तोंडानं सांगावं." एवढीच अट होती. आजींना ते सांगायला चार दिवस लागले. काय बोलल्या ते मला माहीत नाही, दोघींनीही सांगितलं नाही. खुर्चीवरची गोधडी मात्र निघाली. खुर्ची फक्त रात्री आणि फक्त लघवीसाठी, असं त्यांनी आपसात ठरवलं.

दिवसासाठी पायऱ्या होत्या. वॉर्डात अर्ज दिला, त्याची पोच आहे. वाट न बघता गल्लीतल्या एका वेल्डिंगवाल्या मुलाने भंगारातला पाइप आणून पायऱ्यांना कठडा लावला आणि आत एका खोलीत भिंतीला धरायला आडवा गज बसवला. कडीही त्यानेच लावली. त्याची आई गुडघ्यांनी बेजार होती, हे मला नंतर कळलं. बल्ब बायकांनी वर्गणी काढून आणला. तो दोनदा चोरीला गेला, आता त्याला जाळी आहे. डुगडुगती फरशी अजून तशीच आहे. कठडा लागल्यावर मी दोन दिवस तिथे उभी राहिले, तर तो धरून चढणाऱ्यांत आजींपेक्षा दिवस गेलेल्या पोरी आणि लहान मुलं जास्त होती.

दीड हजार

अर्ज मंजूर होऊन पहिले पैसे खात्यात आले ते अर्जानंतर सातव्या महिन्यात. आजींनी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलं. पहिल्या महिन्यात चष्मा केला. दुसऱ्या महिन्यात नातीला दप्तर घेतलं आणि सुनेच्या हातात दोनशे रुपये ठेवले. सुनेने ते घेतले आणि त्या दिवसापासून संध्याकाळचं कालवण आजींच्या चुलीकडे यायला लागलं. चूल अजून वेगळी आहे, पण तिच्यावर आता फक्त सकाळचा चहा आणि भात होतो. मुलाने दोनदा पैसे मागितले. एकदा दिले, एकदा दिले नाहीत. नाही म्हणता आलं, याचा आजींना मनापासून आनंद झालेला मी पाहिला.

मनगट थोडं वाकडं जुळलं. गोधडीचा बारीक टाका आता येत नाही, मोठा घालतात. लघवीचा संसर्ग त्यानंतर एकदा झाला, तोही साध्या औषधाने गेला. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल, तेव्हा पुन्हा बोटांचा प्रश्न येईल. करंगळीचं मी फाइलच्या वरच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि आयर्विनकडचे आकडे चढायला लागले. वस्तीत भोंग्याची गाडी फिरली, सामान वर बांधा, शाळेत जायची तयारी ठेवा. मी गेले तेव्हा मुलगा ट्रंक माळ्यावर चढवत होता, सून मुलांचे कपडे भरत होती. आजी बाजेवर बसून होत्या. २०१९ ला शाळेतल्या छावणीत त्यांनी तीन दिवस काय काढले ते तेव्हा पहिल्यांदा सांगितलं : मुतारी मैदानाच्या पलीकडे, रात्री चिखल, म्हणून त्यांनी दोन दिवस घोटभर चहापलीकडे काही घेतलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, "ह्या बारीला कुटली शाळा? आनि तितं संडास कुटं हाय, वर का खाली?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोरच शाळेच्या शिपायांना फोन लावला. खाली होता, मागच्या बाजूला, दोन पायऱ्या. आजींनी ऐकलं आणि सुनेला हाक मारली, "खुर्ची बी घ्या गं संगं."

सुनेने खुर्ची उचलून दाराशी, सामानाच्या ढिगाजवळ आणून ठेवली.